चित्रकथा आणि ख्रिस्ती श्रद्धा

लोकांस जें आवडतें तें धर्मास घातक कीं सहायक, हा प्रश्न पवित्र ख्रिस्तसभेस नवा नाहीं. मार्सेल्सचे महागुरु सेरेनस ह्यांनीं आपल्या देवळांतील चित्रें फोडून टाकिलीं, तेव्हां परमगुरु थोर ग्रेगरी ह्यांनीं इ. स. ६०० च्या सुमारास त्यांस पत्र लिहून बजाविलें कीं, चित्रांची पूजा होऊं नये हें ठीक; परंतु ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांचें चित्र हेंच पुस्तक होय, तें नष्ट करणें योग्य नव्हे. हाच वाद पुढें विसाव्या शतकांत मुलांच्या हातांतील चित्रकथेवरून पुन्हां उभा राहिला.

अमेरिकेंत १९३८ सालीं 'सुपरमॅन' ह्या वीराची पहिली चित्रकथा निघाली, आणि दहा सेंटांस मिळणाऱ्या असल्या पुस्तकांनीं मुलांस वेड लाविलें. पुढें त्यांत खून, दरोडे व बीभत्स देखावे ह्यांची भर पडली. तेव्हां आईबाप, शिक्षक व धर्मगुरु चिंतातुर झाले. ही चिंता निराधार नव्हती. परंतु तिच्या भरांत १९४८ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन गांवीं एका कॅथलिक शाळेच्या मुलांनीं घरोघर फिरून सुमारें २,००० पुस्तकें गोळा केलीं व त्यांची होळी केली. इतरत्रही असे प्रकार घडले.

होळी विझते, राख उडून जाते. मुलाचा हात मात्र रिकामा राहतो, आणि तो फार वेळ तसा राहत नाहीं. हें ओळखणारे कॅथलिकही त्याच देशांत होते. १९४६ च्या मार्च महिन्यापासून 'ट्रेझर चेस्ट', म्हणजे 'खजिन्याची पेटी', ह्या नांवाचें चित्रकथांचें नियतकालिक निघूं लागलें. तें मुख्यत्वेंकरून कॅथलिक शाळांच्या द्वारें मुलांपर्यंत पोहोंचे. संतांचीं चरित्रें, इतिहास, विज्ञान, खेळ व निव्वळ गमतीच्या गोष्टी त्यांत शेजारीं शेजारीं नांदत. १९७२ पर्यंत तें चाललें.

त्यांतील सर्वच मजकूर आज आपणांस रुचेल असें नाहीं. साम्यवादाविषयींच्या १९६१ सालच्या मालिकेंत विवेकापेक्षां भीतीच अधिक बोलते. परंतु १९६४ सालीं त्यांत 'पेटिग्रू फॉर प्रेसिडेंट' ही दहा भागांची कथा आली. लेखक बेरी रीस, चित्रकार जो सिनॉट. १९७६ सालच्या निवडणुकीची ही कल्पित कथा. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार टिम पेटिग्रू हा सज्जन व कर्तबगार; पण भागामागून भाग त्याचा चेहरा कांहीं ना कांहीं युक्तीनें झांकलेला. अखेरीस तो दिसतो, तेव्हां कळतें कीं हा गृहस्थ कृष्णवर्णी आहे. तोंपर्यंत बालवाचकानें त्याच्या गुणांवरून मनांतल्या मनांत त्यास मत दिलेलें असावें, हाच त्या युक्तीचा हेतु. वर्णद्वेषानें पोळलेल्या देशांत शेजारधर्माचा याहून प्रभावी धडा कोणता?

पुढें काळाचें चक्र फिरलें. वीरपुरुषांच्या चित्रकथा विकणाऱ्या मार्व्हल कंपनीनेंच १९८० सालीं असीसीकर संत फ्रान्सिस ह्यांचें, १९८२ सालीं परमगुरु जॉन पॉल दुसरे ह्यांचें व १९८४ सालीं मदर तेरेसा ह्यांचें चरित्र चित्ररूपानें प्रसिद्ध केलें.

वाचकहो, ही कथा आपणांस परकी वाटूं नये. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोमंतकांत आले. नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें तर बंद झालीं. मग त्यांच्या ठायीं आम्हांस दुसरें कांहीं कां देत नाहीं, अशी एका श्रोत्याची पृच्छा त्यांच्याच ग्रंथांत आली आहे. त्या पृच्छेचें उत्तर म्हणजे 'ख्रिस्तपुराण'. १६१६ सालीं रायतूर येथें तें रोमन लिपींत छापिलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्या, आणि भाषा मराठी. लोकांची आवडती ओवी त्यांनीं टाकिली नाहीं. तिच्या मुखीं ख्रिस्तचरित्र घातलें.

आज आपल्या मुलांच्या हातांत कागदाऐवजीं चकाकता पडदा आहे. 'हें पाहूं नको' असें सांगणें सोपें, आणि कित्येकदां अवश्यही. परंतु त्या श्रोत्याची पृच्छा अजून आपल्या दारीं उभी आहे. ह्या महोत्सवाच्या प्रसंगीं गतकाळाचे आभार मानतांना, मुलांच्या हातीं आपण काय देणार, ह्याचाही विचार आपल्या धर्मग्रामानें करावा, आणि त्या कार्यास प्रभूचा आशीर्वाद लाभावा, हीच प्रार्थना.