दैनंदिन जीवनात प्रार्थना आणि प्रीती : संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी दाखविलेला मार्ग

रविवारची पवित्र मिस्सा आणि रात्रीची रोझरी झाली की प्रार्थना संपली, दानपेटीत काही टाकले की प्रीतीचे कर्तव्य पार पडले, अशी समजूत आपल्यापैकी अनेकांच्या मनात नकळत रुजते. ख्रिस्तसभेची शिकवण मात्र तशी नाही. अखंड प्रार्थना करा, असे संत पौल थेस्सलनीकाच्या श्रद्धावंतांना कळवितात (१ थेस्स. ५:१७). हे श्रद्धावंत मठवासी नव्हते. हातांनी काम करून पोट भरा, असेही त्याच पत्रात त्यांना सांगितले आहे. कामात गुंतलेल्या माणसाने अखंड प्रार्थना करावी तरी कशी? या प्रश्नाचे एक स्पष्ट व आचरणात आणता येण्याजोगे उत्तर आपल्याच महाधर्मप्रांताच्या वारशात आहे. त्याची ओळख येथे करून देत आहोत.

आपला वारसा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. ख्रिस्तसभेच्या रचनेत तो नागपूर महाधर्मप्रांतात मोडतो. नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ साली झाली आणि १९५३ साली त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. या भूमीत मिशनकार्याचा पाया घालणारे धर्मगुरू संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे होते. फादर पीटर मेर्मिए यांनी १८३८ साली आन्सी या गावी हा संघ स्थापन केला. नागपूरचे कॅथेड्रलही याच संताला समर्पित आहे.

संत फ्रान्सिस यांचा जन्म १५६७ साली सॅव्हॉय प्रांतात झाला. तरुण धर्मगुरू असताना शाब्ले भागात लोक त्यांचे प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा त्यांनी श्रद्धेची शिकवण पत्रकांवर लिहून ती घरोघरी पोहोचविली. म्हणूनच १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी त्यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. १६०२ साली ते जिनिव्हाचे बिशप झाले आणि १६२२ साली लिओं शहरी देवाघरी गेले. त्यांचा सण २४ जानेवारीला साजरा होतो.

भक्ती कोणासाठी?

१६०९ साली त्यांचा 'भक्तिमय जीवनाची ओळख' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मादाम द शार्म्वासी या विवाहित स्त्रीला त्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शनपर पत्रांतून तो आकाराला आला. 'फिलोथिया', म्हणजे देवावर प्रेम करणारा जीव, अशा नावाने ते वाचकाला साद घालतात.

प्रापंचिक माणसालाही पावित्र्य साधते, हे या ग्रंथाचे मुख्य सूत्र आहे. बिशपने एकांतवासी साधूसारखे राहू नये आणि कारागिराने दिवसभर चर्चमध्ये बसू नये. ज्याची त्याची भक्ती त्याच्या अवस्थेला, शक्तीला आणि कर्तव्याला साजेशी असावी, असे ते सांगतात. जी भक्ती माणसाला त्याच्या न्याय्य कर्तव्यापासून दूर नेते, ती खरी भक्ती नव्हे. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली, ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे असे अधिकृतपणे शिकविले.

दिवसभराची प्रार्थना

संत फ्रान्सिस यांनी दाखविलेला दिनक्रम साधा आहे.

सकाळी : देवाचे आभार मानून दिवस त्याला अर्पण करावा. आज कोणाशी गाठ पडणार आहे, राग केव्हा येण्याचा संभव आहे, याचा आधीच विचार करून त्या प्रसंगासाठी कृपा मागावी.

दिवसा : कामात असतानाच मन क्षणभर देवाकडे वळवावे आणि हृदयातून एखादा छोटासा उद्गार काढावा. 'प्रभू, सोबत राहा', 'येशू, दया कर', इतके शब्द पुरेत. इजिप्तमधील प्राचीन तपस्वी अशाच प्रार्थना करीत, असे संत ऑगस्टिन यांनी नोंदविले आहे. बांधीत वाकून धानाची रोवणी करणाऱ्या भगिनीला, पहाटे मोहफुले वेचणाऱ्या किंवा उन्हात तेंदूपत्त्याचे पुडे बांधणाऱ्या कुटुंबाला, राईस मिलमध्ये पोती वाहणाऱ्या बंधूला आणि गोंदिया जंक्शनवर रात्रपाळी करणाऱ्या कर्मचाऱ्याला ही प्रार्थना सहज करता येते. तिच्यासाठी हातातले काम थांबवावे लागत नाही.

रात्री : दिवसाबद्दल आभार मानावेत, आपले बोलणे-वागणे तपासावे, क्षमा मागावी आणि घरच्यांना देवाच्या हाती सोपवून झोपी जावे.

प्रीतीची कसोटी

प्रार्थना खरी की वरवरची, हे शेजाऱ्याला आणि घरच्यांना लवकर कळते. संत जेन द शांताल यांच्या चरित्रातून हे दिसून येते. १६०१ साली शिकारीच्या वेळी एका सोबत्याच्या बंदुकीची गोळी लागून त्यांचे पती मरण पावले. लहान मुलांसह त्या विधवा झाल्या. त्या माणसाला भेटणेही त्यांना असह्य होते. संत फ्रान्सिस यांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. भेटीचा प्रसंग आलाच तर अंतःकरण सौम्य ठेवावे, एवढेच सुचविले. कालांतराने जेन यांनी त्याला क्षमा केली आणि त्याच्या बाळाची धर्ममाता होण्याचेही स्वीकारले.

त्यांच्या घरातील नोकरांची आठवणही प्रसिद्ध आहे. पूर्वीच्या मार्गदर्शकाच्या काळात बाईसाहेब दिवसातून तीन वेळा प्रार्थना करीत आणि सारे घर त्रासून जाई. आता त्या सदैव प्रार्थनेत असतात आणि कोणालाही त्रास होत नाही, असे ते म्हणत. ज्या प्रार्थनेने घरातील माणसांचा जीव हलका होतो, ती प्रार्थना देवाला प्रिय आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आपल्या गावांतही याच कसोटीचे प्रसंग येतात. धुऱ्यावरून दोन भावांचे बोलणे बंद होते, पाण्याच्या पाळीवरून शेजारी वैरी होतात, सासू-सुनेचा अबोला महिनोन्महिने टिकतो. अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करावा, असे प्रभू येशू सांगतो (मत्तय ५:२३-२४). भावाच्या उंबरठ्यापर्यंत जाण्याची ही वाट चर्चच्या वाटेइतकीच पवित्र आहे, आणि पुष्कळदा तिच्याहून अवघड आहे. म्हणूनच ती चालण्याचे बळ प्रार्थनेतून मागावे लागते. प्रीतीवाचून प्रार्थना पोकळ राहते आणि प्रार्थनेवाचून प्रीती थकून जाते.

चर्च दूर असेल तेव्हा

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या वनव्याप्त तालुक्यांतील गावे एकमेकांपासून दूर आहेत. अशा भागात एकाकी राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबाला आणि कामासाठी परगावी गेलेल्या बंधू-भगिनींना दर रविवारी मिस्सा मिळेलच असे नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा नियम १२४८ यासंबंधी मार्गदर्शन करतो. धर्मगुरूच्या अभावी किंवा अन्य गंभीर कारणाने मिस्सेत सहभागी होणे अशक्य असेल, तर शब्दविधीत भाग घ्यावा, अथवा एकट्याने, कुटुंबासह किंवा काही कुटुंबांनी एकत्र येऊन योग्य वेळ प्रार्थनेत घालवावा, अशी आग्रहाची शिफारस त्यात आहे. मिस्सा शक्य असताना तिला हा पर्याय नव्हे. परंतु ती अशक्य असताना देवाचे दार बंद होत नाही, ही खात्री त्यातून मिळते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आहे, ते याच अर्थाने.

अशा कुटुंबाने रविवारी ठरावीक वेळी दिवा लावून त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचावे, थोडा वेळ शांत राहावे, गावातील आजारी व गरजू माणसांची नावे घेऊन प्रार्थना करावी आणि त्यांपैकी एकाच्या घरी, तो कोणत्याही धर्माचा असो, विचारपूस करायला जावे.

प्रिय बंधू-भगिनींनो, आपण संख्येने थोडे आहोत. आपल्या आजूबाजूचे बहुतेक लोक शुभवर्तमान पुस्तकातून वाचणार नाहीत. ते आपले बोलणे, आपला व्यवहार आणि आपली क्षमा पाहतील. उद्या सकाळी कामाला निघण्यापूर्वी ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे त्याचे नाव घेऊन एक छोटी प्रार्थना करावी आणि तो वाटेत भेटला तर आपणच प्रथम बोलावे, अशी आमची नम्र विनंती आहे.