झंझावात मोठा की भोवरा मोठा?

वैशाखातल्या भर दुपारी मोकळ्या रानात वावटळ उठते, ती आपण सर्वांनीच पाहिली आहे. पाचोळा नि धूळ गरगरत वर चढते, एखाद्याची टोपी उडवून नेते आणि दोन मिनिटांत सारे शांत होते. कोकणातल्या मंडळींना दुसऱ्या जातीचे वादळही ठाऊक आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या.

वारा दोन्हीकडे गोल फिरतो. तेव्हा वर्गातला एखादा चौकस मुलगा विचारील, "गुरुजी, समुद्रावरचे वादळ जबर, की जमिनीवरचा भोवरा जबर?" प्रश्न पोराचा असला तरी उत्तर सोपे नाही. ते शोधायला आपण अमेरिकेत जाऊ. कारण तिथे ही दोन्ही संकटे मोठ्या प्रमाणावर येतात. समुद्रावरून येणाऱ्या वादळाला तिथे हरिकेन म्हणतात. आपले चक्रीवादळ ते हेच. जमिनीवरच्या भयंकर भोवऱ्याला टॉर्नेडो म्हणतात. आपली वावटळ म्हणजे टॉर्नेडो नव्हे, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. वावटळ तापलेल्या जमिनीतून निरभ्र आकाशाखाली उठते. टॉर्नेडो मेघगर्जनेच्या प्रचंड ढगातून हत्तीच्या सोंडेसारखा खाली उतरतो.

हरिकेनला खाद्य लागते ते कोमट समुद्राचे. पाण्याचे तापमान साधारण २७ अंश सेल्सिअस झाले की त्याची वाफ या वादळाचे इंधन बनते. त्याचा घेर शेकडो किलोमीटरांचा आणि आयुष्य कित्येक दिवसांचे. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटर झाला म्हणजे त्याला हरिकेन हे नाव मिळते. टॉर्नेडोचा घेर बहुधा काही शे मीटरच असतो आणि तो बहुतेक वेळा काही मिनिटांतच विरून जातो. परंतु त्या चिमुकल्या घेरात वारा ताशी ३०० किलोमीटरांच्याही पुढे जाऊ शकतो.

आता एक हिशेब ध्यानात घ्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की भिंतीवरचा त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी १५० किलोमीटरांचा वारा पत्रे उडवीत असेल, तर ३०० किलोमीटरांचा वारा घर पायातून उपटील. तेव्हा नुसता वारा मोजायचा म्हटले तर भोवराच जबर. पण माणसे काय वाऱ्यानेच मरतात? इतिहास काय सांगतो ते पाहू.

टेक्सस राज्यात समुद्रकाठी गॅल्व्हेस्टन नावाचे बेट आहे. १९०० साली तिथे भरभराटलेले बंदर होते, वस्ती सुमारे ३७ हजारांची. बेटाची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम ९ फूट. किनाऱ्याला भिंत बांधावी अशी चर्चा होई. परंतु तिथल्या हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनीच १८९१ साली लिहिले होते की, असल्या वादळाचे भय गॅल्व्हेस्टनला नाही. शिकल्यासवरलेल्या माणसाचा शब्द! भिंत राहिली ती राहिलीच.

सप्टेंबर १९०० मध्ये एक वादळ क्यूबावरून गेले. हवाना येथील बेलेन वेधशाळेचे पाद्री कित्येक वर्षे या वादळांचा अभ्यास करीत आले होते. वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरून टेक्ससकडे जाईल, असे त्यांचे मत पडले. परंतु क्यूबा तेव्हा अमेरिकेच्या अमलाखाली होता, आणि क्यूबातल्या लोकांनी हवामानाच्या तारा पाठवू नयेत अशी बंदी अमेरिकी सरकारने घातली होती. वॉशिंग्टनच्या तज्ज्ञांनी ठरविले की वादळ फ्लॉरिडाकडे वळणार. वादळाने काही त्यांचे ऐकले नाही.

८ सप्टेंबरला समुद्र शहरात शिरला. संध्याकाळपर्यंत १५ फुटांहून उंच पाणी चढले. ९ फुटांच्या बेटावर १५ फूट पाणी म्हणजे काय, हे मुलांना फळ्यावर रेघ ओढून दाखवा. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते. अशा लाटांपुढे लाकडी घरे कशी टिकावीत? क्लाइन यांच्या भक्कम घरात सुमारे ५० माणसे आसऱ्याला आली होती; ते घरही कोसळले आणि क्लाइन यांची पत्नी त्यात गेली. एका अनाथालयातल्या जोगिणींनी मुलांना कपडे वाळत घालायच्या दोरीने आपल्या कमरेशी बांधून घेतले होते. १० जोगिणी आणि ९० मुले बुडाली; तीन मोठे मुलगे तेवढे वाचले. एकूण मृतांचा आकडा ६ हजारांपासून १२ हजारांपर्यंत सांगतात. बहुतेक इतिहासकार ८ हजार मानतात. त्यांपैकी पुष्कळसे वाऱ्याने नव्हे, पाण्याने गेले.

आता दुसरी कथा ऐका. १८ मार्च १९२५, दुपारी एकचा सुमार. मिझुरी राज्यात एक टॉर्नेडो जमिनीवर उतरला आणि ईशान्येकडे धावत सुटला. मिझुरी, इलिनॉय, इंडियाना अशी तीन राज्ये ओलांडून, ३५० किलोमीटरांची वाट उद्ध्वस्त करून, साडेतीन तासांनी तो विरला. हा एकच भोवरा होता की एकापाठोपाठ एक आलेले अनेक, यावर अभ्यासकांत पुढे वाद झाला. पण ६९५ माणसे मेली, यात वाद नाही. एकट्या मर्फिझबरो गावात २३४ गेली. डी सोटो गावची शाळा भरलेली होती. तिथे ३३ जीव गेले. भोवरा सरासरी ताशी १०० किलोमीटरांनी धावत होता, आणि त्याची सोंडही धड दिसत नव्हती. लोकांना वाटले, काळे धुके लोळत येते आहे.

कुणी सावध केले नव्हते का? नाही. १८८०च्या दशकात लष्करातल्या जॉन फिन्ली यांनी टॉर्नेडोचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न केला होता. वरिष्ठांना मात्र वाटले की, नुसत्या नावानेच लोक घाबरतील, आणि त्या घबराटीने अधिक नुकसान होईल. म्हणून अंदाजात 'टॉर्नेडो' हा शब्दच वापरू नये असे ठरले. ही बंदी १९३८ पर्यंत टिकली. साप दिसला तरी 'साप' म्हणायचे नाही, असा हा प्रकार!

वाचकहो, दोन्ही कथा एकापुढे एक ठेवून पाहा. एकीकडे 'आमच्याकडे असे होणार नाही' हा गर्व, दुसरीकडे 'लोकांना सांगितले तर घाबरतील' हा अविश्वास. वारा-पाणी निसर्गाचे होते. पण मृतांच्या संख्येत माणसाचाही हात होता.

पुढे माणूस शहाणा झाला. गॅल्व्हेस्टनने १९०४ पर्यंत १७ फूट उंच समुद्रभिंत उभारली. दोन हजारांवर इमारती जॅकने उचलून खाली वाळू भरली आणि शहरच उंच केले. १९१५ साली पुन्हा तसेच वादळ आले, पण भिंतीआडचे शहर वाचले. टॉर्नेडोची गोष्ट अशी की, २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातल्या टिंकर विमानतळावर एका भोवऱ्याने विमानांचा चक्काचूर केला. फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी पाचच दिवसांनी पाहिले, तर हवामानाची मांडणी तशीच! त्यांनी टॉर्नेडोचा इशारा दिला, विमाने सुरक्षित जागी हलविली, आणि त्याच संध्याकाळी भोवरा खरोखरच त्या तळावर आला. टॉर्नेडोचा पहिला यशस्वी अधिकृत इशारा तो हाच.

मग थोर कोण? वाऱ्याच्या तीव्रतेत टॉर्नेडो. विस्तारात, एकूण शक्तीत आणि बहुधा प्राणहानीतही समुद्रावरचे वादळ. आपल्या शेजारचा बांगलादेश दोन्ही जाणतो. १९७० सालच्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळाच्या पाण्याने तिथे तीन लाखांहून अधिक बळी घेतले. २६ एप्रिल १९८९ च्या टॉर्नेडोने सुमारे १,३००.

ही तुलना नुसती करमणूक नव्हे, कारण बचावाच्या रीती उलट्या आहेत. टॉर्नेडोचा इशारा फार तर दहा-पंधरा मिनिटे आधी मिळतो. तिथे पळण्यात अर्थ नाही. तळघरात किंवा पक्क्या घराच्या आतल्या खोलीत, खिडक्यांपासून दूर बसावे. चक्रीवादळाची वर्दी दोन-तीन दिवस आधी मिळते. किनाऱ्यालगत राहणाऱ्याने तेव्हा सखल जागी दडून बसावे, तर पाणी गाठते. तिथे वेळेवर उठून उंच जागी जाणे हाच उपाय. एकाला जे तारते, तेच दुसऱ्याला मारते.

ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे गेली. २०१३ साली 'फायलिन' आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलविले होते. बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. वादळ अडविता येत नाही. पण इशारा देणाऱ्याने तो मोकळेपणाने द्यावा, ऐकणाऱ्याने वेळेवर ऐकावा, एवढे तर आपल्या हाती आहे! गुरुजी, तुमच्या वर्गातल्या त्या चौकस मुलाला एवढे उत्तर जरूर द्या.