मेंदूच्या काठावरचा शोध

गर्भातल्या पेशीला आपण काय व्हायचे हे कोण सांगते? विसाव्या शतकातल्या गर्भविज्ञानाचा बराचसा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरला आहे. १९२४ साली जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूट या पालीसारख्या उभयचर प्राण्याच्या गर्भातला छोटा तुकडा दुसऱ्या गर्भावर बसवल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. तिथे जवळजवळ दुसरा गर्भच उभा राहिला, आणि त्यातल्या पुष्कळशा पेशी यजमान गर्भाच्याच होत्या. पाहुण्याने त्यांना फक्त हुकूम दिला होता. अशा तुकड्याला 'संघटक' हे नाव पडले.

मेंदूत हा हुकूम कसा चालतो? जानेफळला जीवशास्त्र शिकवताना मी फळ्यावर मेंदूची आकृती काढी, ती तयार मेंदूची. तो घडतो कसा, हे पुस्तकात नसे. खरे तर त्याचा मागोवा तेव्हाच सुरू झालेला होता. मेंदूच्या बाहेरच्या आवरणात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, चेतापेशींचे सहा थर असतात. अँजेव्हाइन आणि सिडमन यांनी १९६१ मध्ये उंदरांत दाखवले, की आधी जन्मलेल्या पेशी खालच्या थरांत बसतात आणि मागून आलेल्या त्यांना ओलांडून वर जातात. १९७२ मध्ये पास्को राकिच यांना माकडाच्या गर्भात त्यांची शिडी दिसली. लांब तंतूंना धरून पेशी वर चढत होत्या. ही चढण बिघडली तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे 'रीलर' हा झोकांड्या खाणारा उंदीर. त्याचे वर्णन १९५१ चे, पण त्यामागचे रीलिन जनुक हाती लागले १९९५ मध्ये.

चढायचे कसे हे कळले. पण इथे कॉर्टेक्स व्हावा आणि शेजारी स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस व्हावा, हे कोण ठरवते? १९९८ मध्ये शिकागोच्या एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेने गर्भातल्या कॉर्टेक्सच्या कडेला असलेल्या एका चिंचोळ्या पट्टीचे वर्णन केले. तिला नाव दिले 'हेम', म्हणजे वस्त्राचा काठ. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत मुंबईत शिकलेल्या डॉ. शुभा तोळे होत्या. पुढच्याच वर्षी त्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या.

काठ हाच हिप्पोकॅम्पसचा संघटक असावा, असा संशय होता. पक्का पुरावा २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये आला, तोळे यांचा गट आणि कॅलिफोर्नियातले एडविन मोनुकी यांच्या संयुक्त कामातून. त्यांनी उंदराचे संमिश्र गर्भ तपासले. काही पेशींत एलएचएक्स-२ हे जनुक शाबूत, काहींत नाही. जनुक नसलेल्या पेशी एकत्र गोळा झाल्या आणि नको त्या जागी काठ बनल्या. त्याहून नवलाची गोष्ट शेजारी घडली. जनुक शाबूत असलेल्या भोवतालच्या पेशी हिप्पोकॅम्पस बनल्या. श्पेमान-मांगोल्ड यांच्या न्यूटची गोष्ट चौऱ्याऐंशी वर्षांनी उंदराच्या मेंदूत पुन्हा घडली होती.

मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की इथे जनुकाचे काम मनाई करण्याचे आहे. 'तू काठ होऊ नकोस' एवढे ते सांगते, म्हणून पेशी कॉर्टेक्सची होते. आणि ही मनाईही ठरावीक वेळेपुरतीच असते. उंदराचा गर्भ साधारण साडेदहा दिवसांचा झाल्यावर जनुक काढले, तर काठ बनत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या साल्क संस्थेत दिसले, की त्यानंतर जनुक काढल्यास कॉर्टेक्सचा काही भाग गंधाशी संबंधित कॉर्टेक्सचे रूप घेतो. २०११ मध्ये तोळे यांच्या गटाने दाखवले, की आणखी पुढे हिप्पोकॅम्पसमध्ये हेच जनुक पेशीने चेतापेशी व्हावे की आधारपेशी, यात हात घालते. जनुक तेच, पण वेळ बदलली की काम बदलते. 'जनुकांत लिहिले आहे' असे आपण नशिबाच्या थाटात म्हणतो. पण पेशीचे भवितव्य जागा, घटका आणि शेजार मिळून ठरवतात.

आमच्या मेहकर तालुक्यात या इतिहासाची गरज आहे. मूल मतिमंद जन्मले, की अजूनही आईलाच विचारले जाते, ग्रहणात विळी धरली होतीस का? गरोदरपणात काळजी घ्यायलाच हवी; फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचे, आधी घेतलेल्या रुबेलाच्या लसीचे मोल सिद्ध झालेले आहे. विळीचा मात्र मेंदूशी काही संबंध नाही. माणसात मेंदूच्या वळ्या न बनता तो गुळगुळीत राहतो, असा एक विकार आहे. त्यामागचे लिस-१ हे जनुक १९९३ मध्ये सापडले. त्यातला बदल बहुतेक वेळा आईतही नसतो आणि बापातही नसतो, तो नव्यानेच घडलेला असतो. पेशींची चढण चुकते ती कोणाच्याही हातून नव्हे. कोणी त्या आईला जाब विचारू लागले, तर निदान शेजाऱ्याने तरी हे सांगावे.