भुंगा

घराच्या लाकडात किंवा वाळक्या बांबूत बीळ कोरून राहणारा, मधमाश्यांच्या कुळातील मोठा काळा कीटक. वंशाचे शास्त्रीय नाव झायलोकोपा; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लाकूडतोड्या. भुंगेरा हा वेगळा कीटक; दोघांची गल्लत नेहमी होते. मावळात आणि लोणावळ्याच्या आसपास जुन्या घरांचे वासे, गोठ्याच्या मेढी आणि कुंपणाचे बांबू या त्याच्या हमखास जागा.

भुंग्याचा पत्ता आधी जमिनीवर लागतो. सकाळी झाडलेल्या पडवीत दुपारी पुन्हा भुशाची ढिगुली दिसते. वर पाहावे तर वाशाच्या खालच्या अंगाला, गिरमिटाने पाडावे तसे गोल भोक, साधारण करंगळी जाईल एवढे. कान दिला तर आतली करकर ऐकू येते. कोरण्याचे काम मादीचे. ती जबड्यांनी थोडे आत शिरून लाकडाच्या रेषांच्या दिशेने वळते. वाळवीप्रमाणे ती लाकूड खात नाही, भुसा बाहेर टाकते. बोगद्याच्या टोकाशी पराग आणि मकरंद यांचा गोळा ठेवून त्यावर एकच अंडे घालते, भुशाचा पडदा घालून कप्पा बंद करते आणि पुढच्या कप्प्याला लागते. अंडे मात्र अवाढव्य: कीटकांच्या सर्वांत मोठ्या अंड्यांत त्याची गणना होते.

बिळासमोर घोंघावत माणसाच्या तोंडावर येणारा बहुधा नर असतो. त्याला नांगी नसते. मादीला असते, पण धरल्या-दाबल्याशिवाय ती सहसा डसत नाही.

1290 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचा मोह सांगताना हाच भुंगा येतो: कोरडे लाकूड भेदणारा, पण कोवळ्या कळीत अडकणारा. कळीची गोष्ट कवीची. लाकडाची मात्र डोळ्यांनी पाहिलेली.

पुणे जिल्ह्यातीलच भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी झायलोकोपा ट्रँक्विबॅरिका या निशाचर जातीचा अभ्यास केला. बिळापाशी लावलेल्या खुणांचे रंग ही जात नुसत्या चांदण्यांच्या उजेडात ओळखते, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाला त्या उजेडात रंग दिसत नाहीत.

वांगे, टोमॅटो यांच्या फुलांतील पराग भुंगा अंग थरथरवून मोकळा करतो. परसबागेला त्याचा मोठा आधार आहे. जुनी बिळे पुढच्या पिढ्या वाढवत नेतात, त्यामुळे वासा हळूहळू कमजोर होतो. रंग दिलेल्या लाकडाकडे भुंगा फारसा फिरकत नाही. वापरातले बीळ शेणामातीने लिंपले, तर आतली पिले कोंडली जातात.