जैवभाराचे तापविघटन आणि राज्याचे नियोजन : भद्रावतीपासून बायोचारपर्यंत

लाकूड, पाचट किंवा पऱ्हाट्या हवेचा पुरवठा रोखून तापविल्यास कोळसा, ज्वलनशील वायू आणि काही द्रवपदार्थ मिळतात. या प्रक्रियेस तापविघटन अथवा पायरोलिसिस म्हणतात. अशा कोळशातील कार्बन मातीत दीर्घकाळ टिकत असल्याने ‘बायोचार’ या नावाने तो हवामान बदलाच्या धोरणचर्चेत आला आहे. तथापि शासनसंस्थेने तापविघटनाचे नियोजन करण्याची ही पहिली वेळ नव्हे. प्रस्तुत लेखात एका जुन्या प्रयोगाच्या प्रकाशात आजच्या धोरणाचा विचार केला आहे.

म्हैसूर संस्थानाने भद्रावती येथे लाकूड-ऊर्ध्वपातन व लोखंडाचा कारखाना उभारण्याचे काम १९१८ मध्ये हाती घेतले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या दिवाणपदाच्या काळात (१९१२-१९१८) या योजनेस आकार आला होता. संस्थानात दगडी कोळसा नव्हता. बाबाबुदन डोंगरांतील लोहखनिज आणि मलनाडाची अरण्ये मात्र होती. म्हणून लाकडाचा कोळसा झोतभट्टीस द्यावा आणि सोबत मिळणारे मिथिल अल्कोहोल, कॅल्शियम ॲसिटेट व डांबर विकून खर्चाचा भार हलका करावा, असा हिशेब होता. हा हिशेब तर्कदृष्ट्या निर्दोष वाटतो.

प्रत्यक्ष उत्पादन १९२३ च्या जानेवारीत सुरू झाले, तोवर महायुद्धकाळातील तेजी ओसरली होती. त्याच वर्षी जर्मनीत कृत्रिम मिथेनॉलचे कारखानदारी उत्पादन सुरू झाले आणि लाकडापासून मिळणाऱ्या अल्कोहोलला स्वस्त प्रतिस्पर्धी निर्माण झाला. कारखान्याची प्रारंभीची वर्षे तोट्यात गेली. १९२३ पासून विश्वेश्वरय्यांनी मंडळाचे अध्यक्षपद सांभाळून कारभाराची घडी बसविली. तोटा सोसण्यास संस्थानाचा खजिना समर्थ होता, हे येथे विसरता कामा नये. जोडउत्पादनांचे भाव म्हैसुरात नव्हे, तर परदेशांत ठरत होते.

आज जोडउत्पादनाची ती जागा कार्बन क्रेडिटने घेतली आहे. त्याला मान्यता मिळण्याची वाट सरळ नव्हती. २००१ च्या माराकेश करारांनी स्वच्छ विकास यंत्रणेतील कार्बनशोषक प्रकल्प वनीकरण व पुनर्वनीकरण यांपुरतेच सीमित केले. शेतजमिनीत साठविलेला कार्बन त्यातून वगळला गेला. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने (आरती) उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याचे तंत्र विकसित केले आणि २००२ मध्ये तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. परंतु तो कोळसा चुलीत जाळण्यासाठीच होता. कोळसा मातीत पुरून त्याचे मोल मिळण्याची सोय त्या काळच्या यंत्रणेत नव्हतीच. पुढे आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत बायोचारची गणनापद्धती आली, तीही परिशिष्टात, भावी पद्धतीचा पाया म्हणून. मुख्य पाठात तिला स्थान मिळाले नाही, ही बाब सूचक आहे.

दुसरा प्रश्न कच्च्या मालाचा. जो जैवभार ‘टाकाऊ’ म्हणून गृहीत धरला जातो, तो क्वचितच टाकाऊ असतो. पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवल्यास ओल टिकते. पऱ्हाट्या चुलीस लागतात. शिवाय २०२१ च्या केंद्रीय धोरणाने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशासोबत जैवभाराच्या पॅलेट्स जाळण्याचे बंधन घातल्याने त्याच शेतावशेषांना आणखी एक गिऱ्हाईक निर्माण झाले. भट्टीची क्षमता ठरविण्यापूर्वी गावातील पाचट कोण, किती आणि कशासाठी वापरतो याची नोंद आवश्यक ठरते. भद्रावतीला अरण्य शासनाच्या ताब्यात होते. येथे ते हजारो खातेदारांच्या बांधावर विखुरलेले आहे. क्रेडिटचा भाव कोसळल्यास भट्टी, वाहतूक आणि मजुरी यांचा भार सोसण्यास या खातेदारांमागे कोणताही संस्थानी खजिना उभा नाही. किमान खरेदीभावाची हमी प्रकल्प-अहवालात कोण देणार, हे त्यामुळे आधी लिहिले गेले पाहिजे.