गाडी नेमकी कधी तापते?

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्याआधी बोरघाटात बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्या हे नेहमीचं दृश्य होतं. डिकीत पाण्याचा कॅन घेतल्याशिवाय घाट चढायचा नाही, असा रिवाजच होता. त्या काळातल्या गाड्या आता थोड्या उरल्या. अँबॅसडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं आणि मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३मध्ये निरोप घेतला. तरी हौसेने किंवा वडिलांची आठवण म्हणून जुनी गाडी सांभाळणारे अनेक जण आहेत. गाडी तापली की ते मिस्त्रीला विचारतात, ‘काय बदलायचं?’ अशा गॅरेजांत मी बराच वेळ घालवला आहे. तिथला मुरलेला मिस्त्री उलट विचारतो, ‘कधी तापते?’ या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे.

पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा जेमतेम पाव भाग जुन्या इंजिनात चाकं फिरवण्याच्या कामी येतो. बराचसा भाग धुराबरोबर जातो आणि जवळपास तेवढाच पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. ही वाट कुठेतरी अडली की गाडी तापते.

१८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने निघाल्या. त्या गाडीत पाणी उकळून वाफ होई आणि ती वाफच उष्णता घेऊन जाई. त्यामुळे वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. आजही पहिली तपासणी तीच: पाणी पुरेसं आहे का? कमी होत असेल तर रबरी होज, वॉटर पंप, रेडिएटरचे सांधे पाहावेत. सुकलेल्या पाण्याचा पांढरट डाग गळतीची जागा दाखवतो. बाहेर थेंबही नाही आणि पाणी मात्र घटतंय, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. ऑइल दुधाळ होणं, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे उठणं, या त्याच्या खुणा.

पुढचा टप्पा विल्हेल्म मायबाख यांचा. १९०१च्या मर्सिडीझसाठी त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या आणि त्यांतून हवा खेळायची. मागे पंखा होता, त्यामुळे गाडी हळू चालतानाही हवा मिळे. आधीच्या गाडीला १८ लिटर पाणी लागे, ते ९ लिटरवर आलं. ‘कधी तापते?’ या प्रश्नाचा खरा उपयोग इथे होतो. सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष बहुधा पंख्याकडे: पट्टा सैल असेल किंवा घसरत असेल. याउलट शहरात ठीक, पण वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर चोंदलेला असण्याची शक्यता जास्त. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलं की आत क्षार साचतात. इंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीवर जपून हात फिरवला, तर एखादा भाग शेजारच्यापेक्षा थंड लागतो. तिथे पाणी फिरत नाही.

हेन्री फोर्ड यांच्या १९०८च्या ‘मॉडेल टी’मध्ये सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर पंपच काढून टाकला गेला. गरम पाणी वर चढतं, थंड खाली उतरतं, एवढ्यावर काम भागवलं. इंजिनांची ताकद वाढली तसं ते अपुरं पडलं आणि पंप परत आला. थर्मोस्टॅटही रुळला. इंजिन गार असताना तो पाण्याची वाट बंद ठेवतो, तापल्यावर उघडतो. तो बंदच अडकला तर गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांत काटा वर जातो, आणि रेडिएटरची वरची होज मात्र बराच वेळ कोमटच राहते. अनेक ठिकाणी उपाय म्हणून तो काढून फेकतात. मला हे पटत नाही. इंजिन मग नेहमी गारच चालतं, पेट्रोल जास्त पितं, झीज वाढते आणि मूळ दोष झाकला जातो. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात सोडून उघडतो का ते पाहता येतं; बिघडला असेल तर नवा बसवावा.

शेवटची गोष्ट रेडिएटरच्या झाकणाची. महाबळेश्वरला उघड्या भांड्यातलं पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं. स्प्रिंगच्या झाकणाने अर्ध्या वातावरणाइतका जादा दाब धरला, तर समुद्रसपाटीला उत्कलनबिंदू १११ अंशांच्या आसपास जातो. आपल्या प्रेशर कुकरचंच हे तत्त्व. स्प्रिंग सैल झाली किंवा रबर झिजलं, की इंजिन निरोगी असूनही पाणी उकळून बाहेर येतं. म्हणून मोठ्या खर्चाआधी हे स्वस्त झाकण तपासावं.

तेच झाकण गरम गाडीवर उघडलं, तर उकळतं पाणी आणि वाफ थेट तोंडावर येते. काटा वर गेला की एसी असल्यास बंद करावा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं आणि निदान अर्धा तास थांबावं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. आणखी एक सावधगिरी: पाणी फार कमी झालं, तर मापकाचा सेन्सर कोरडा पडून काटा उलट खाली येऊ शकतो. इंजिन तापलेलं असताना काटा अचानक उतरला, तर निर्धास्त होऊ नये.

तशीच रेटली तर हेड वाकतं आणि पट्टा आवळून भागणारं काम इंजिन उतरवण्यापर्यंत जातं. जुन्या गाडीचे सुटे भाग शोधताना काय दमछाक होते, हे तिच्या मालकांना वेगळं सांगायला नको. त्यापेक्षा एक छोटी वही गाडीत ठेवावी. काटा चढला की वेळ, रस्ता, वेग आणि किती पाणी भरलं ते लिहावं. मिस्त्रीच्या प्रश्नाचं उत्तर त्याच वहीत सापडेल.