संगणकाच्या घरघरीची कैफियत

जुना संगणक सुरू केला की त्याच्या कॅबिनेटमधून जी अखंड घरघर येऊ लागते, ती त्या यंत्राला जन्मतःच जडलेली असते आणि वयोमानाप्रमाणे ती वाढतच जावयाची, अशी आपल्याकडे बहुतेकांची दृढ समजूत आहे. परंतु वैयक्तिक संगणकाच्या आरंभीच्या काळाकडे पाहिले असता ही समजूत टिकत नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने जो पहिला पीसी बाजारात आणला, त्यातील इंटेल ८०८८ या प्रोसेसरच्या माथ्यावर पंखा तर नव्हताच, पण उष्णता शोषून घेणारे धातूचे हीटसिंकदेखील नव्हते. थंडाव्यासाठी म्हणून जो पंखा होता तो ६३.५ वॅटच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत, म्हणजे आपले कारागीर जिला एसएमपीएस म्हणतात तिच्यात, बसविलेला होता.

अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्स यांना तर हा एक पंखाही सहन होण्यासारखा नव्हता. १९७७ च्या अ‍ॅपल टू या यंत्रासाठी रॉड होल्ट यांनी कमी तापणारा स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा रचून दिला आणि पंख्याची गरजच उरली नाही. येथवर हट्टाला बुद्धीची जोड होती. पण १९८० च्या अ‍ॅपल थ्रीमध्ये तोच हट्ट फर्मानासारखा बजावण्यात आला, दाटीवाटीने बसविलेल्या चिप्स तापून आपापल्या खोबणीतून सैल होऊ लागल्याची तक्रार झाली, आणि यंत्र टेबलावरून दोनतीन इंच उचलून खाली सोडावे म्हणजे चिप्स पुन्हा जागी बसतील, असा अजब इलाज ग्राहकांना सुचविण्यात आल्याचे सांगतात. १९८४ चा मॅकिंटॉशही पंख्यावाचूनच अवतरला. १९८७ च्या मॅकिंटॉश एसईमध्ये मात्र पंख्याला प्रवेश द्यावा लागला. शांततेची आवड उत्तम खरी, परंतु उष्णतेचा बंदोबस्त केल्यावाचून ती हुकमाने लादता येत नाही, हे या प्रकरणातून दिसून आले.

पुढे वेगाची शर्यत लागली. १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा असणे हा दस्तूरच झाला, आणि २००० च्या सुमारास एएमडीच्या अ‍ॅथलॉनसारख्या तापट प्रोसेसरांसाठी हौशी मंडळी डेल्टा कंपनीचे साठ मिलिमीटर व्यासाचे, मिनिटाला सुमारे ७००० फेरे घेणारे पंखे बसवू लागली. त्यांचा तो कर्कश स्वर सामर्थ्याची ग्वाही म्हणून मिरविला जात असे. २००३ मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या ग्राफिक्स कार्डावरील ब्लोअर इतका गाजला की लोकांनी त्याला धूळ ओढणाऱ्या यंत्राचे नाव दिले आणि खुद्द कंपनीने स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत काढली. फेब्रुवारी २००४ मध्ये इंटेलने प्रेस्कॉट जातीचा पेंटियम फोर आणला. त्यातील वरच्या प्रतीचा प्रोसेसर ११५ वॅटपर्यंत उष्णता ओकत असे, म्हणजे आयबीएमच्या पहिल्या पीसीचा सगळा वीजपुरवठा जितका होता त्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता एकट्या चिपमधून निघे.

अशा आवाजाने त्रस्त होणाऱ्यांना तऱ्हेवाईक ठरविणे सोपे असते. परंतु संगणकाचे आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज यांनीही रस्त्यावरच्या वादकांच्या गोंगाटाविरुद्ध लंडनमध्ये वर्षानुवर्षे मोहीम चालविली होती आणि १८६४ साली त्यासंबंधी पार्लमेंटने कायदाही केला, हे स्मरणात ठेवले म्हणजे त्रासणाऱ्यांची परंपरा किती खानदानी आहे ते ध्यानी येईल. हेच तऱ्हेवाईक लोक आमच्या मते या इतिहासाचे खरे नायक होत. कॅनडातील व्हँकूव्हर येथे माइक चिन यांनी २००२ साली ‘सायलेंट पीसी रिव्ह्यू’ हे केवळ शांत संगणकाला वाहिलेले प्रकाशन सुरू केले. कोरियातील झालमन कंपनीने फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे उमललेल्या पातळ पत्र्यांचे हीटसिंक काढले. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ ही पंखे बनविणारी कंपनी २००५ मध्ये पुढे आली. तथापि कंपन्यांच्या मालापेक्षा घरगुती युक्त्याच अधिक मनोरंजक आहेत.

त्या युक्त्यांच्या मुळाशी एकच शास्त्रीय तत्त्व होते. पंख्याचे फेरे निम्मे केले तर हवा निम्मीच होते, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो, आणि दहा डेसिबलची घट कानाला जवळजवळ निम्म्यासारखी भासते. म्हणजे हवेच्या तोट्यापेक्षा शांततेचा नफा कितीतरी मोठा. म्हणून लहान, वेगवान पंखा काढून त्याच्या जागी १२० मिलिमीटरचा मोठा पंखा संथ फिरविण्याची तजवीज सुरू झाली. एसएमपीएसमधून येणाऱ्या पिवळ्या तारेत १२ व्होल्ट आणि तांबड्या तारेत ५ व्होल्ट असतात. पंख्याची एक तार पिवळीला आणि दुसरी काळीऐवजी तांबडीला जोडली की पंख्याच्या वाट्याला ७ व्होल्टच येतात आणि तो निमूटपणे फिरू लागतो, ही क्लृप्ती कोणा कारखानदाराने नव्हे तर हौशी लोकांनी रूढ केली. कॅबिनेटच्या पाठीमागे पत्र्यातच कोरलेली जाळी हवेला अडथळा करून सुस्कारे काढविते, म्हणून ती कात्रीने कापून टाकण्यात आली. हार्ड डिस्कची थरथर कॅबिनेटच्या पत्र्यात उतरून घुमू नये म्हणून डिस्क स्क्रूंनी आवळण्याऐवजी शिवणकामाच्या इलॅस्टिकवर पाळण्यासारखी टांगण्यात आली. प्रोसेसरला मिळणारा व्होल्टेज थोडा उतरविला तर उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, हे जाणून तोही उपाय झाला. आणि आमच्या दृष्टीने तोच सर्वांत शहाणपणाचा, कारण तो आवाजाच्या कारणाशीच भिडतो.

हार्ड डिस्कचा वृत्तान्त थोडा निराळा आहे. तिच्या बॉल बेअरिंगची बारीक शीळ सीगेटने २००१ च्या बॅराकुडा एटीए फोरमध्ये द्रवाच्या बेअरिंगने बंद केली. मुंडी इकडून तिकडे सरकताना होणारी खडखड कमी करण्याची सोय डिस्क जोडण्याच्या एटीए या प्रमाणकात शिरली; परंतु अशाच तंत्रावरून कॉन्व्हॉल्व्ह ही कंपनी आणि एमआयटी यांनी २००० साली सीगेट व कॉम्पॅक यांच्यावर दावा ठोकला आणि तो खटला दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. शांततेसाठी इतका कलह झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पुढे फिरणारे भागच नसलेली सॉलिड स्टेट डिस्क घरोघर पोचली आणि या खडखडीचे मूळच नाहीसे झाले.

कारखानदारांना शहाणपण सुचले ते वेगाची वाट खुंटल्यावर. प्रेस्कॉटचा नियोजित वारस मे २००४ मध्ये रद्द झाला, आणि जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर टू ड्युओची मर्यादा ६५ वॅटवर उतरली. काम नसताना प्रोसेसरचा वेग उतरविण्याची एएमडीची ‘कूल अँड क्वायट’ योजना, आणि गरजेप्रमाणे पंख्याचे फेरे कमीजास्त करणारी चार तारांची जोडणी, या दोन्ही गोष्टी याच काळात प्रचारात आल्या. हौशी लोकांनी इलॅस्टिक आणि कात्री घेऊन जे साधले होते, ते आता कारखान्यातूनच मिळू लागले.

मात्र व्हँकूव्हरचा नुसखा आपल्या मुलुखात जसाच्या तसा लागू पडत नाही. पंखा कितीही चांगला असला तरी तो खोलीतील हवेपेक्षा प्रोसेसर थंड करू शकत नाही. खोली वीस अंशांनी अधिक तापली की प्रोसेसरही जवळजवळ तितकाच अधिक तापतो, आणि नागपूर-चंद्रपूरकडील मे महिन्यात सात व्होल्टचा पंखा पुरेलच अशी हमी देता येत नाही. शिवाय आपल्याकडील धूळ. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या यंत्राच्या घरघरीत मूळ रचनेचा वाटा थोडा असतो. हीटसिंकच्या पात्यांत बसलेला धुळीचा थर, प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधील वाळून गेलेली थर्मल पेस्ट आणि पंख्याच्या बेअरिंगमधील आटलेले तेल, हेच खरे गुन्हेगार असतात. तेव्हा जुने यंत्र भंगारात काढण्यापूर्वी वाचकांनी ते बंद करून, तार उपसून एकदा उघडावे, पंखा बोटाने धरून ठेवून ब्रशाने धूळ झाडावी, पेस्ट नवी लावावी, कुरकुरणारा पंखा बदलावा, आणि ऐपत असेल तर हार्ड डिस्कच्या जागी सॉलिड स्टेट डिस्क बसवावी. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही घरी उघडू नये: आपल्याकडील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तिच्यातील कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारित होतात आणि तार काढल्यावरही काही काळ तो भार धरून ठेवतात, म्हणून तिचा पंखा ओरडू लागला तर सगळी पेटीच बदलून घ्यावी.